मनोऱ्यातली शिट्टी

अग्निशमन केंद्रात तिला सगळे वहिनी म्हणत. साहेबही वहिनीच म्हणत, दूध घालायला येणारा माणूस वहिनीच म्हणे, आणि विजेचं मीटर बघायला येणाऱ्यानंही दुसऱ्याच खेपेला तेच सुरू केलं. कामावर लागली तेव्हा ते नातं होतं. पुढे तो हुद्दाच झाला.

तिचा नवरा याच केंद्रात फायरमन होता. फर्निचरच्या गोदामाला आग लागली, तो आत गेला, आणि बाहेर आणावा लागला. त्यानंतर तिला तिथेच काम मिळालं. त्याचं काम नव्हे. आगीत शिरणारी माणसं वेगळी असतात. तिच्याकडे आली मागची खोली. मास्क धुवायचे, काचा पुसायच्या, पट्टे तपासायचे, नळ्यांना भोकं पडली असतील तर खडूनं खूण करायची. आग विझवून आलेली मंडळी चेहरे काळे करून चहाला बसत आणि ही त्यांचे मास्क घेऊन बेसिनकडे जाई. रबराला धुराचा वास बसतो तो साबणानं जात नाही. पहिले काही महिने तिला जेवण जात नव्हतं ते त्या वासानं. मग सवय झाली. माणसाला कशाची सवय होईल याचा नेम नाही.

केंद्रात नवऱ्याचं नाव होतं अडेल. अडेलतट्टूतला अडेल. नाव प्रेमानं पडलं होतं, पण उगाच पडलं नव्हतं. लग्नानंतर त्यानं एक कपाट आणलं. ते दारातून आत जाईना. दुकानदार परत घ्यायला तयार होता, शेजारी समजावत होते, बायको कपाळाला हात लावून बसली होती. यानं दाराची चौकट काढली. कपाट आत गेलं, चौकट पुन्हा बसली ती वाकडी, आणि त्या दिवसापासून घराचं दार ढकलल्याशिवाय लागत नाही. रस्ता चुकला तर मागे फिरायचं नाही, तोच रस्ता कुठे जातो ते बघायचं, असा त्याचा खाक्या. वहिनी म्हणायची, तुमच्याशी संसार म्हणजे वळण नसलेल्या रस्त्यावरून गाडी चालवणं. तो हसायचा. हसायला त्याला काही लागत नव्हतं.

म्हणून चौकशीचा निकाल आला तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

निकाल समजायला एक गोष्ट ठाऊक हवी. धुरात शिरणारा माणूस पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन जातो. त्या सगळ्या सामानाला केंद्रात नुसतं सेट म्हणत. हवा संपत आली की सेटची शिट्टी वाजायला लागते, आपोआप, आणि सिलिंडर रिकामा होईपर्यंत वाजत राहते. काटाही असतो, पण धुरात स्वतःचा हात दिसत नाही तिथे काटा कुठला दिसायला. सगळी भिस्त शिट्टीवर. ती वाजली की फिरायचं. पुढे दार असो, कुणाची हाक असो, हात लांब केला की सापडेल असं काहीही असो, फिरायचं. हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात आणि रोज घोकून घेतात.

अडेलबरोबर लंबू होता. लंबू म्हणजे दारात वाकून शिरणारा, आवाजानं दांडगा आणि मनानं ससा असा फायरमन. गोदामाचा पहारेकरी आत बेशुद्ध सापडला. लंबूनं त्याला खांद्यावर घेतला, अडेल म्हणाला, तू हो पुढे, मी तो मागचा कोपरा बघून आलोच. लंबू दाराशी पोचतो तोवर त्याची स्वतःची शिट्टी वाजायला लागली. अडेल मागून येत असेल या भरवशावर तो बाहेर पडला. अडेल आलाच नाही. मागच्या कोपऱ्यात कुणी नव्हतं.

अडेलचा सेट जळून गेला होता, त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. पण त्या सकाळच्या तपासणीत सगळ्या सेटच्या शिट्ट्या ठीक होत्या. मग उरला एकच अर्थ, आणि साहेबांनी तो वहिनीला खुर्चीत बसवून, पाणी देऊन, जमेल तितक्या हळुवारपणे सांगितला. शिट्टी वाजली असणार. तो फिरला नाही.

वहिनीनं मान हलवली. तिला पटलं, हीच तर पंचाईत झाली. चौकट काढणारा माणूस. त्याला कोपरा बघायचा होता, तो बघणारच.

त्या दिवसापासून तिनं दुःख बाजूला ठेवलं आणि रागावर संसार चालवला. राग कामाचा असतो, सकाळी उठवतो, डबा भरायला लावतो. मास्क पुसता पुसता ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची. एवढं काय होतं त्या कोपऱ्यात. घरी बायको आहे, पोरगी आहे, हे त्या वेळी आठवलं नाही का. एकदा तरी माझं नको, शिट्टीचं ऐकायचं. आणि मुलगी हट्टाला पेटली की वहिनीच्या तोंडून निघायचंच, बापावर गेलीस, ऐकायचं म्हणून नाही.

मुलगी सात वर्षांची. एके दिवशी केस विंचरून घेताना तिनं विचारलं, “आई, बाबांना घरी यायचं नव्हतं का?”

वहिनीचा कंगवा थांबला. तिनं म्हटलं, असं का विचारतेस. मुलगी म्हणाली, शिट्टी वाजली की घरी यायचं असतं ना, मग ते आले नाहीत. हे तर तिच्या आईनंच तिला सांगितलं होतं.  वहिनीनं वेणी घट्ट बांधली आणि शाळेला उशीर होतोय म्हणाली. पण तो प्रश्न घरात राहिला. पोरीनं पुन्हा विचारला नाही, म्हणून तर तो जास्त जड झाला.

आता भुताकडे येऊ, कारण खरी गंमत आणि खरं रडू तिथेच आहे.

केंद्राच्या अंगणात नळ्या वाळवायचा मनोरा होता. उंच, अरुंद, वर कप्पी आणि आत नुसती पोकळी. आगीवरून आलेल्या ओल्या नळ्या तिथे टांगायच्या आणि सुकल्या की गुंडाळून गाडीत टाकायच्या. उन्हाळा लागला आणि त्या मनोऱ्यातून दुपारी शिट्टी ऐकू यायला लागली. साधीसुधी नव्हे, सेटची. ज्यांनी आयुष्यभर ती ऐकलीय त्यांना ती झोपेतही ओळखू येते. आणि मुख्य भानगड अशी की त्या केंद्रात शिट्टीवाला एकही सेट उरला नव्हता. चौकशीचं शेपूट म्हणून थंडीत सगळे जुने सेट भंगारात गेले होते. नवे आले ते टीं टीं करणारे, वर लुकलुकणारा दिवा. शिट्टी वाजणार कुठून?

पहिल्यांदा लंबूनं ऐकली. तो नळी खांद्यावर टाकून मनोऱ्यात शिरला आणि नळी तिथेच टाकून बाहेर आला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, अडेल आलाय. बाकीच्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. मग दुसऱ्यानं ऐकली, मग तिसऱ्यानं, आणि टिंगल आपोआप बंद झाली. धगधगत्या छपराखाली बिनदिक्कत शिरणारी ही माणसं, त्यांना भरदुपारी अंगणातल्या मनोऱ्यात जाववेना. ओल्या नळ्या अंगणातच पसरायला लागल्या, त्यांना बुरशी धरली. साहेब कडाडले की भूत असेल तर त्याला हजेरीपटावर सही करायला सांगा, नाहीतर मी गैरहजेरी लावीन. मग ते स्वतः मनोऱ्याकडे निघाले, अर्ध्या वाटेत शिट्टी झाली, आणि त्यांना फोन आल्याचं आठवलं.

एकटे वस्ताद मात्र ढिम्म होते. वस्ताद म्हणजे केंद्रातलं सगळ्यात जुनं माणूस. उभी हयात पंपाशेजारी उभं राहण्यात गेली. गाडी चालवायची, पंप सुरू करायचा, आत गेलेल्यांना पाणी कमी पडू द्यायचं नाही. वय झालं तशी साहेबांनी त्यांना गाडीवरून उतरवलं आणि केंद्रातच ठेवलं. पंपाला तेल घालायचं, रोज सकाळी इतर मंडळी यायच्या आत सगळे सेट तपासून ठेवायचे. ते म्हणत, कसलं भूत घेऊन बसलात, मी इथे दिवसभर बसतो, मला तर काही ऐकू येत नाही. आणि पुन्हा पंपाचं पितळ घासायला लागत. त्यांच्याकडे बघून इतरांना जरा धीर यायचा.

वहिनीचं माहेर असं काही उरलंच नव्हतं. वस्तादांनी ती जागा घेतली होती. हिला इथे काम द्या म्हणून साहेबांच्या मागे तेच लागले. मास्कची काच ओरखडा न पडता कशी पुसायची ते त्यांनीच शिकवलं. मुलगी शाळेतून थेट केंद्रात यायची, तेव्हा तिचं दप्तर घ्यायला फाटकाशी तेच उभे. ते हिला पोरी म्हणत. त्यांच्या काही सवयी होत्या, त्यांची सगळे थट्टा करत. विनोदावर ते सगळ्यांच्या नंतर हसत. साहेबांची हाक त्यांना कधीच ऐकू जात नसे, जेवणाची हाक मात्र डबे उघडताना दिसले की बरोबर पोचे. आगीची वर्दी आली की घंटेबरोबर भिंतीवरचा लाल दिवा लागायचा, आणि वस्तादांची खुर्ची कायम त्या दिव्यासमोर. नव्या सेटवरही ते भलतेच खूश होते, दिवा आहे म्हणून. म्हातारा लबाड आहे, असं म्हणून सगळे हसायचे. वहिनीही हसायची.

भुताची गोष्ट वहिनीच्या कानावर सगळ्यांत शेवटी गेली. तिच्यासमोर बोलायचं नाही असं मंडळींनी ठरवलं होतं. पण अंगणात कुजत पडलेल्या नळ्या कुणाला लपवता येतात? तिनं लंबूला खोदून विचारलं. लंबूनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. त्याला वाटलं, बाई आता कोसळणार. तिच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे आता वाजवतोय. वाजली होती तेव्हा कान बंद, आणि आता सगळ्यांच्या झोपा उडवतोय. तिनं पदर खोचला, सगळ्यात जड ओली नळी उचलली आणि तरातरा मनोऱ्यात शिरली. तिला भुताची भीती वाटली नाही. चार शब्द सुनावायला तो समोर सापडला तर तिला हवाच होता.

आत गार अंधार होता आणि वर झरोक्यातून ऊन येत होतं. तिनं नळी दोराला बांधली, कप्पीवरून ओढायला लागली, आणि शिट्टी झाली. अगदी डोक्यावर. तिच्या हातातला दोर सुटला नाही. मनात जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं कुठल्या कुठे गेलं. तिनं हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्याला हाक मारली. घरात मारायची तशी, अहो म्हणून.

उत्तर आलं. पुन्हा शिट्टी. आणि मग फडफड झाली.

झरोक्याशी, कप्पीच्या तुळईवर, साळुंकी बसली होती. पिवळ्या चोचीची, मान वाकडी करून वहिनीकडे बघणारी. तिनं गळा फुगवला आणि सेटची शिट्टी हुबेहूब वाजवली. मग दुसरी, जरा जाड आवाजाची. मग मध्येच स्वतःची नेहमीची कलकल. वहिनी मटकन खाली बसली आणि हसत सुटली. इतके दिवस एक पाखरू सबंध अग्निशमन दलाला नाचवत होतं. रोज सकाळी याच मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून वस्ताद शिट्ट्या तपासायचे. पक्ष्यानं वर बसून त्या पाठ केल्या. हसताना तिला रडूही आलं, कारण क्षणभर तिला खरंच वाटलं होतं की तो आहे.

तिनं लंबूला दंडाला धरून आत आणलं. बघ तुझं भूत. लंबू लाजला, मग खुलला. तो म्हणाला, वहिनी, ही माझी शिट्टी, ही जाड आहे ना ती. प्रत्येक सेटचा आवाज वेगळा असायचा, आम्ही डोळे मिटून ओळखायचो. तो मान वर करून ऐकत राहिला, ही याची, ही त्याची, असं सांगत. मग साळुंकीनं एक बारीक, किटलीसारखी शिट्टी घातली, आणि लंबू गप्प झाला.

ती अडेलची होती. विचारायची गरज पडली नाही.

पण ती पुरी होत नव्हती. बाकीच्या शिट्ट्या साळुंकी दम असेतो ओढायची. ही मात्र सुरू व्हायची आणि लगेच घुसमटून थांबायची. मागे नुसता फुस्स असा आवाज. पुन्हा ऐकली, पुन्हा तसंच. वहिनीनं विचारलं, तुमच्या शिट्ट्या अशा मध्येच थांबतात का? लंबू म्हणाला, छे, सिलिंडर रिकामा होईपर्यंत थांबत नाहीत, थांबली तर काय उपयोग. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो वहिनीकडे बघेना.

“लंबू,” ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही दाराशी होतात. त्यांची शिट्टी ऐकलीत?”

 लंबू म्हणाला, माझीच कानात वाजत होती. मला वाटलं, दोन्ही एकात मिसळल्या असतील. चौकशीत त्यानं हेच सांगितलं होतं, आणि ते कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

पाखराचा काय भरवसा, हे वहिनीलाही कळत होतं. अर्धी विसरली असेल. घसाच तेवढा असेल. पण बाकीच्या तर विसरली नाही. जे रोज ऐकलं तेच ती बोलत होती. म्हणजे ही अशी घुसमटलेली शिट्टी तिनं रोज सकाळी ऐकली होती, गोदाम जळण्याआधी. आणि मग जे तिनं ऐकलं, ते तपासणाऱ्यानं कसं ऐकलं नाही?

ती बाहेर आली. मनोऱ्याच्या सावलीत वस्ताद पाठमोरे बसून पितळ घासत होते. वर साळुंकीनं पुन्हा सुरू केलं होतं. अंगणाच्या टोकाला कपडे वाळत घालणाऱ्या माणसानं दचकून वर पाहिलं. वस्तादांचा हात थांबला नाही. वहिनी त्यांच्या अगदी मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, वस्ताद. मग जरा मोठ्यानं, वस्ताद. ते फडक्यावर चुना घेत होते.

म्हातारा लबाड नव्हता.

ती पुढे जाऊन त्यांच्यासमोर बसली. तिचा चेहरा बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं. तिनं सगळं सावकाश सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की ते तिच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघतायत. कायम तिकडेच बघत आले होते.

वस्तादांनी काही झाकलं नाही. पंपाच्या आवाजात कान केव्हा गेले ते त्यांनाही कळलं नव्हतं. आधी पाखरं गेली, मग घंटा, मग शिट्ट्या. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं, आणि घरी त्यांचं कुणी नव्हतं. शिट्टी तपासताना ते तिच्या तोंडावर अंगठा धरायचे. अंगठ्याला हवेची थरथर लागली की शिट्टी ठीक.

“अंगठ्याला लागायचं गं,” ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज चढतो तसा त्यांचा चढला होता. “त्याच्याही सेटचं लागायचं. मला वाटलं, ठीक आहे. तो गेल्यावर वाटलं, ठीक नसेल. मग कुणाला विचारायची भीती वाटली.”

हवा लागत होती, आवाज होत नव्हता. वहिनी उठली. तिला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी हात पुढे केला होता की नाही तेही तिनं पाहिलं नाही. मागच्या खोलीत जाऊन तिनं नळ सोडला आणि धुतलेलेच मास्क पुन्हा धुवायला घेतले. इतकी माया का करत होते, हे आता तिला कळल्यासारखं वाटत होतं, आणि ते कळणं तिला नको होतं. दप्तर घ्यायला फाटकाशी उभं राहणं, साहेबांच्या मागे लागणं, प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू दिसायला लागली. कुठली बाजू खरी? दोन्ही असतील. माणूस पापाच्या टोचणीनं दप्तर उचलायला जातो आणि मग पोरीवर खराखुरा जीव जडतो, असंही होत असेल. पण तिला त्या क्षणी कुणाला समजून घ्यायचं नव्हतं.

आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट हळूहळू वर येत होती. तो ऐकत नव्हता असं नव्हतंच. ऐकायला काही नव्हतं. तो कोपरा बघत होता, त्याला वाटत होतं अजून हवा आहे, शिट्टी वाजली नाही म्हणजे आहे. इतके दिवस आपण त्याच्याशी भांडत राहिलो, आणि तो बिचारा काही न कळता गेला. तिनं त्याच्यासाठी रडायचं राहून गेलं होतं. ते तिथे, वाहत्या नळासमोर झालं. लंबू दारापर्यंत आला, आणि पाय न वाजवता परत गेला.

संध्याकाळी घरी तिनं मुलीला समोर बसवलं. सांगितलं की आई चुकली होती. बाबांची शिट्टी बिघडली होती, ती वाजलीच नाही. वाजली असती तर बाबा आले असते.

 मुलगी बोटानं सतरंजीचा धागा ओढत म्हणाली, मला वाटलं माझ्यामुळे. ज्या सायकलवरून तो तिला शाळेत सोडायचा, तिच्या हँडलची घंटा तिनं आगीच्या आदल्या दिवशी काढून घेतली होती, आणि तो रागावला होता. तेव्हापासून तिचा हिशेब असा होता की बाबा रागावले आणि म्हणून परत आले नाहीत. घंटा तिनं लपवून ठेवली होती. वहिनीनं तिला कुशीत ओढलं. एवढ्याशा पोरीनं हे एकटीनं वाहिलं, आणि आपण तिला वर ऐकवत होतो, बापावर गेलीस म्हणून. तिला स्वतःची लाज वाटली.

कुशीतूनच मुलगी म्हणाली, “मग आता बाबांवर रागवायचं नाही?”

“नाही.”

“मग कुणावर रागवायचं?”

वहिनी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात पोचली तेव्हा वस्ताद साहेबांच्या खोलीच्या बाहेर बाकावर बसले होते. दाढी केलेली, जुना गणवेश इस्त्री करून घातलेला. तेच म्हणाले, मला आत जायचंय, तू सोबत चल. साहेब काय विचारतील ते मला कळणार नाही, त्यांना मिशा आहेत.

मिशांखालचे ओठ त्यांना कधीच वाचता आले नव्हते. साहेबांची हाक ऐकू न जाण्याचं कारण एवढंच होतं.

साहेबांना लंबूनं आधीच सांगितलेलं दिसत होतं. त्यांनी दार लोटून घेतलं, दोघांना बसवलं, आणि कागद पुढे ओढला. ते प्रश्न विचारत, वहिनी वस्तादांच्या अगदी कानाशी वाकून, एवढ्या जवळून थोडं पोचायचं म्हणून, तो मोठ्यानं पुन्हा सांगे, आणि वस्ताद उत्तर देत. सेट कोण तपासत होतं? मी. रोज? रोज. त्या सकाळीही? हो. खिडकीबाहेर माणसं काम सोडून उभी राहिली होती. इतक्या मोठ्यानं चाललेलं बोलणं अंगणभर ऐकू जात होतं. साहेबांनी एकदा वहिनीला विचारलं, तुम्हाला नको असेल तर मी दुसऱ्या कुणाला बोलावतो. ती म्हणाली, मीच सांगते.

मग साहेबांनी लेखणी खाली ठेवून शेवटचं विचारलं.  वहिनीनं वस्तादांच्या खुर्चीची पाठ धरली.

“साहेब विचारतायत,” ती म्हणाली, “त्या सकाळी त्यांची शिट्टी वाजलेली तुम्ही ऐकलीत का?”

“नाही,” वस्ताद म्हणाले. “ऐकली नाही.”

साहेब लिहायला लागले. चौकशीचा जुना निकाल बदलेल, त्यासाठी वर लिहावं लागेल, असं काहीसं ते कागदाकडे बघत सांगत होते. वहिनीला हवं होतं ते झालं होतं. तिच्या नवऱ्यावरचा ठपका जाणार होता, मुलीला शाळेत, गल्लीत, कुणालाही सांगता येणार होतं की माझे बाबा ऐकत नव्हते असं नाही. यात आनंद व्हावा असं पुष्कळ होतं. तिला नुसता थकवा आला.

वस्ताद उठले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत ते म्हणाले, “पोरी, तुला माझा राग आलाय का?”

 साहेबांची लेखणी थांबली. वहिनीच्या मनात नाही म्हणायचं आलं. म्हातारं माणूस, बापाच्या जागी असलेलं, आता त्याचं हे घरही जाणार. पण खोटं बोलून ठीक आहे म्हटल्यानं काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

“हो,” ती म्हणाली.

ते खाली बघत होते, त्यांना कळलं नाही. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि पुन्हा मोठ्यानं म्हणाली, “हो.”